पोपटी फुगा

फुगे आणायला म्हणून चिमणीची आई दुपारी बाहेर पडली आणि येताना जिन्यावर दोनदा टेकली. तरी तिच्या पायांना थारा नव्हता. लेकीचा वाढदिवस होता. मागचा आईने दवाखान्यातच काढला होता. छातीतली गाठ काढली, मग रेडिएशन झालं, सगळं आटोपलं. यंदा दोन वर्षांची हौस एकदम फेडायची, असं तिने मनाशी धरलं होतं.

कोरडा खोकला तेवढा पाठ सोडत नव्हता. संध्याकाळी अंगात कणकण यायची. रेडिएशन संपून दोन-तीन महिने झाले, मग हे आता काय? गाठ पुन्हा तर... पुढचं ती मनातही आणायची नाही. मग इतरांना कुठून सांगणार? खोकल्याची उबळ आली की मोरीत जाऊन नळ सोडायची.

चिमणीला तिचा बाबा बागेत घेऊन गेला होता. ती दारात आली की एकदम दिवे लावायचे, असा बेत. धाकट्या नणंदेने पडदे ओढले, खोली अंधारली. नव्या रबराचा वास भरून राहिला.

"वहिनी, पंप आणू का शेजारून? तुला धाप लागतेय."

"तुझं तोंड असताना पंप कशाला?"

नणंद हसत माळा आणायला आत गेली.

चिमणीच्या आईने पोपटी फुगा ओठांना लावला. एक फुंकर मारली, दुसरी अर्धीच निघाली, आणि दम संपला. फुगा लिंबाएवढा झाला होता. ती थांबली.

फुगा थांबला नाही.

ती फुंकत नव्हती. पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या निपचित. तरी हवा येत होती, तिच्याच नरड्यातून, गार, सावकाश, कुणी सवडीने सोडावी तशी. खूप दिवस बंद राहिलेल्या कपाटाचा वास होता त्या हवेला. फुगा डोक्याएवढा झाला, मग त्याहून मोठा. पातळ रबरातून पलीकडचा पडदा दिसू लागला. तिला तोंड काढून घ्यायचं होतं... ओठ निघेनात.

जिन्यावर इवल्या चपला वाजल्या. दार उघडलं, दिवे लागले, तिचे ओठ सुटले. फुगा फुर्रकन उडाला आणि भिंतींवर आपटत खोलीभर फिरला. चिमणी आनंदाने किंचाळत त्याच्यामागे धावली. कोपऱ्यात पडलेल्या रबरापाशी मात्र ती थबकली.

"आई, हा खोकतोय."

सगळे हसले. आई हसली नाही. केक कापून होताच तिने नणंदेला आत ओढलं आणि सांगून टाकलं, खोकला, कणकण, नळ, सगळं. फुग्याचं तेवढं जिभेवर येईना.

"वेडी का खुळी तू," नणंद पुटपुटली. "असलं अंगावर काढतात? उद्या सकाळी चल."

दवाखान्यात छातीचे फोटो झाले, रक्त तपासून झालं. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडापुढे धरली. "गाठ नाही. जंतूंचा ताप नाही. रेडिएशनचा थोडा झोत फुप्फुसालाही लागतो. काहींना त्याची सूज येते, तीसुद्धा अशी मागाहून. खोकला आला, दम लागला, तर कळवा म्हटलं होतं ना?"

"कळवत होती की," नणंद म्हणाली. "मोरीतल्या नळाला."

"गोळ्या देतो. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. मीच हळूहळू कमी करीन."

तिचा जीव भांड्यात पडला. गोळ्या लागू पडल्या, खोकला गेला, रात्रीची झोप परत आली. चिमणीला कडेवर घेऊन ती न टेकता जिना चढली, त्या दिवशी वरच्या पायरीवर मायलेकी उगीचच नाचल्या. शेवटच्या तपासणीला चिमणी हट्टाने सोबत आली.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या. सोडा. छान, अगदी मोकळं आहे. आता जरा रोखून धरा."

तिने धरला. समोर स्टुलावर बसलेल्या चिमणीनेही गाल फुगवून श्वास रोखला. दोघी एकमेकींकडे बघून डोळ्यांनी हसत होत्या.

डॉक्टर ऐकत राहिले. नळी डावीकडे सरकली, थबकली. त्यांनी ती कानांतून काढली, पुसली, पुन्हा लावली.

"रोखा ना, ताई," ते हलकेच म्हणाले. "अजून चालूच आहे..."

तिने श्वास कधीचाच रोखला होता.