कोरा केलेला कोट

हेंद्रेकाकांच्या दुकानात देशिंगकरबाईंचा कोट हँगरला लटकला होता, आणि तो अगदी बाईंसारखा उभा होता. उजवा खांदा जरासा खाली, छाती पुढे. आता कुणाचा तरी समाचार घेणार असं वाटावं. बाईंना जाऊन चार महिने झाले होते. विभावरी दारातच थांबून कोटाकडे बघत राहिली.

"बघत काय राहिलीस? घाल की," हेंद्रेकाका म्हणाले.

गडहिंग्लजच्या कोर्टासमोर चाळीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवणारा हा माणूस. पूर्वी गळ्यात टेप अडकवून मापं घ्यायचा. आता माप घ्यायचं काम निम्मंअधिक कापडच करत होतं. 'जाणकापड' म्हणायचे त्याला. त्याच्या आडव्या धाग्यांत केसाहून बारीक तंतू विणलेले असत. अंगाची ऊब लागली की ते आकसत किंवा ढिले पडत. माणूस कसा उभा राहतो, कुठे वाकतो, कुठल्या बाजूला रेलतो, हे एकवीस दिवस टिपून घेत आणि मग जिथे आधार हवा तिथे बरोबर आधार देत. कोट जुना होत गेला की अंगाला आणखी ओळखू लागे. चांगली बायको जशी, असं काका म्हणायचे, आणि काकू आतून खाकरायच्या.

विभावरी गुरव ही देशिंगकर वकीलबाईंची ज्युनियर, आठ वर्षांपासूनची. तिचा पाठीचा कणा जन्मापासून वळलेला. उजव्या खांद्याचं पातं वर आलेलं, डावी बाजू बसकी. पांढरा शर्ट, काळा कोट, गळ्यात पांढरा बँड: हा पोशाख भल्याभल्यांना रुबाब देतो, तिला मात्र तो चिडवायचा. शिंपी डाव्या खांद्यात कापूस भरून दोन्ही बाजू सारख्या दिसतील असं करायचे. दिसायच्याही. पण दहा मिनिटं उभं राहिलं की पाठ ठणकायला लागायची. मग दोघींत वाटणीच झाली होती. लिहिणार विभावरी, बोलणार बाई. तारीख मागण्यासारख्या किरकोळ कामाला बाई तिला मुद्दाम पुढे पाठवायच्या. दोन खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवायच्या आणि म्हणायच्या, "जा. कोर्ट काय तुला खात नाही."

गडहिंग्लजच्या वकिलांच्या बारमध्ये एक रीत होती. सीनियरचा कोट ज्युनियरला जायचा आणि पहिल्या स्वतंत्र युक्तिवादाला तो अंगावर घालायचा. विभावरीचा पहिला युक्तिवाद चोवीस दिवसांवर आला होता. हौसाक्काच्या घराची वाट शेजाऱ्याने तारेचं कुंपण घालून बंद केली होती. सत्तरीची म्हातारी ओढ्यातून, निसरड्या दगडांवरून ये-जा करत होती. ती वाट निकाल लागेपर्यंत तरी मोकळी करून घ्यायची होती. केस बाईंची, पण बाई नव्हत्या. हौसाक्काने दुसरा वकील करायला साफ नकार दिला होता. "कागद हिनं लिहिल्याती, तर बोलंल बी हीच," म्हणून ती मोकळी झाली होती.

विभावरीने कोट चढवला. बटण लागलं, ऊब पोचली, तंतू जागे झाले. कोटाने उजवा खांदा खाली ओढला, पाठ ताठ केली, जशी बाईंची असायची तशी. विभावरीची पाठ तिकडे वळणारच नव्हती.

"आई गं!" ती कळवळली. काकांनी झटकन बटणं सोडली.

"वाटलंच मला. हा अजून बाईंनाच शोधतोय." काकांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. बाईंचं तेच तिरकं अक्षर. *कोट विभाला द्या. पण वाफ देऊन, पुरता कोरा करून. दुसऱ्याच्या पाठीने कुणी उभं राहू नये.*

"नका ना कोरा करू, काका," विभावरी म्हणाली. "एवढंच तर उरलंय त्यांचं. मी सोसेन."

"सोसशील, पण बोलशील का? पोरी, तीस वर्षांचं गिऱ्हाईक माझं. मला काय हौस आहे?"

काकांनी वाफेची पेटी तापवली. कोट आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे खांदे पडले होते. उरलं होतं नुसतं काळं कापड. काकांनी डोळे पुसले आणि वाफेच्या नावाने बोटं मोडली. विभावरीला हुंदका आवरला नाही. तिने तो उघडपणे दिला.

मग एकवीस दिवस कोट तिच्या अंगाला शिकत राहिला. रोज सकाळी सातला, आईने चहा ठेवला की, ती कोट घालून स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावायची आणि हौसाक्काची बाजू मांडायची. आई न्यायाधीश. आईला कायद्यातलं ओ की ठो कळत नसे, पण "मोठ्यानं बोल, कुकरच्या वर ऐकू येऊ दे," एवढा हुकूम ती न चुकता द्यायची. नवव्या दिवशी कोटाची उजवी बाजू सैलावली. तेराव्या दिवशी डाव्या कुशीला खालून आधार लागला. कोट तिची पाठ झाकत नव्हता. पातं वर होतं ते वरच दिसत होतं, पण ठणका गेला होता. पोशाखाने तिच्याशी इतकं सरळ वागण्याची ही पहिलीच वेळ.

राहिला बँड. तो कायमचा वाकडा लोंबायचा, आणि ते काम जाणकापडाच्या आवाक्यातलं नव्हतं. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि कॉलरचं बटण अर्धं बोट डावीकडे सरकवलं. बस्स. आरशात दोन पांढऱ्या पट्ट्या सरळ उतरल्या.

"एवढंच होतं?" विभावरी थक्क झाली.

"एवढंच. पण तुझ्याकडे बघून लावायचं होतं. आजवर सगळे बटणाकडे बघून लावत होते."

तारखेच्या दिवशी हौसाक्का नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली होती. विभावरी उभी राहिली. पाचेक मिनिटं बरी गेली. मग समोरचे वकील उठले आणि मधाळ आवाजात म्हणाले, "मॅडमना उभं राहणं अवघड जात असेल, तर त्यांनी बसून बोलायला आमची काहीच हरकत नाही."

न्यायाधीशसाहेबांनी भाबडेपणाने मान डोलावली. "हो, हो, बसा ना."

झालं! सगळ्या कोर्टाचे डोळे तिच्या पाठीवर. पुढचं वाक्य गळालं, ती आपोआप खाली बसू लागली. आणि त्याच क्षणी दोन खांद्यांच्या मधोमध कोट हलकेच आवळला. तळहाताएवढ्या जागेत. जा, कोर्ट काय तुला खात नाही.

विभावरी ताठ झाली, तिच्या वळणाने ताठ.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण माझी अशील सत्तराव्या वर्षी रोज ओढ्यातून चालते. तिची वाट मोकळी होईपर्यंत मी उभीच बरी."

पुढे ती पंचवीस मिनिटं बोलली. दुपारी हुकूम झाला: अंतिम निकालापर्यंत कुंपण काढून वाट मोकळी ठेवावी. हौसाक्काने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी विभावरी पेढे घेऊन दुकानात आली आणि थेट काकांच्या पाया पडली.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही पाठीतला तेवढा भाग कोरा केला नाहीत. बाई होत्या आज माझ्या मागे."

काकांनी पेढा खाली ठेवला. "माझ्या धंद्यावर संशय घेतेस? बाईंची चिठ्ठी होती ती. वाफ दिली, दोनदा दिली. त्यात काय बी शिल्लक नव्हतं."

"मग तो हात?"

काकांनी कोट टेबलावर पसरला आणि कापड वाचायचं यंत्र पाठीवरून फिरवलं. पडद्यावर एकवीस दिवसांच्या एकवीस ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत, सकाळी सातच्या सुमाराला, दोन खांद्यांच्या मधोमध एक ठिपका.

"हे बघ. बोलायला लागायच्या आधी तू स्वतःला इथनं उचलतेस. रोज, तेवढ्याच जागेतनं. कापडाला वाटलं, हिला आधार हवा तो इथेच. ते तुझ्याकडनं शिकलंय."

विभावरी त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. आठ वर्षं, दर तारखेला एक तळहात. तो कोटात नव्हताच कधी. तिला एकदम इतकं भरून आलं की ती हसायलाच लागली. काकूंनी आतून पाणी आणलं. काकांनी पेढा पुन्हा उचलला, अर्धा काकूंना दिला.

"काका," कोटाची घडी घालताना ती म्हणाली, "उद्या माझ्यानंतर हा कोणा पोरीला द्यायचा झाला तर?"

"तर कोरा करूनच. माझा लेक करील."

"हो, कोराच करायचा. पण त्याआधी, बाईंसारखा तिच्या पाठीवर हात ठेवायला मला जमेल का हो?"