आत्याचा खोकला दोनदा

टॉर्चमधून काढलेले सहा जुने सेल.
पानाबाई आत्याचा खोकला.
बैलगाड्या दोन, बाबूजींची पुढे.
एका उजव्या हाताची बोटं.

चौऱ्याहत्तर साली जऊळक्यात महावीर जयंतीच्या मिरवणुकीसाठी माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, टेपरेकॉर्डर घेतला, म्हणून कैलासचंदांनीही घेतला. दोन्हींवर गाणं एकच, माझं. ते टेप करायला कैलासचंदांचा मुलगा अजितकुमार आमच्या घरी आला. मधेच आत्या खोकली.

"परत गाऊ?" मी विचारलं.

"राहू दे. खोकला सुरात हाय."

मी हसले, आणि… पुढे चार दिवस तो दिसलाच नाही.

मग तालीम झाली. दोन्ही टेप एकदम सुरू केल्या. पुढच्या गाडीवर मी सावकाश गात होते, मागच्या गाडीवर भराभर. मागे आत्या खोकली. अर्ध्या मिनिटानं पुढे खोकली. शेवटी खरी आत्या खोकली.

"दोन मशीन म्हणजे दोन मर्जी," अजितकुमार म्हणाला. "एकच मशीन मालक करा. दोन्ही भोंगे त्याले जोडतो."

"मालक माझं. माझी गाडी पुढं हाय," बाबूजी म्हणाले.

"तुमचं तर झोपून राह्यलं," कैलासचंद म्हणाले. "माझंच लावा."

"अजित, तूच ठरव," बाबूजी शांतपणे म्हणाले. "रविवारी तुमी आमच्या राजमतीले मागणी घालाले येणार हाय ना? समजून बोल."

अजितकुमार एकदा बाबूजींकडे पाही, एकदा स्वतःच्या वडिलांकडे. त्याच्या कपाळावर घाम… मला पाहवेना.

"दोन्ही बंद करा," मी म्हणाले. "भोंगे माझ्या माईकले जोडा. मी गाते."

दोघांनाही नाही म्हणता येईना.

मिरवणुकीत तो माझ्या गाडीच्या चाकाशेजारून चालला. बोटं गाडीच्या फळीवर ठेका धरून.

"एकदाही लय सुटली नाही तुझी," मंदिरापाशी तो म्हणाला.

"तुमची बोटं पाहून गात होते."

"आँ? मी तर तुझं गाणं ऐकून बोटं हलवत होतो."

"मग मालक कोण होतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ते… रविवारनंतर ठरवू. घरी टाइमच टाइम हाय."

तालमीच्या आदल्या दुपारी बाबूजींच्या मशीनमधले नवे सेल काढून मी टॉर्चमधले संपत आलेले घातले होते. मशीन अडलं, की तो येणारच होता.