टेकाडावरची रेंज

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा शैला अंबडच्या एका टपरीवर चहाचा पहिला घोट घेत होती.

"मॅडम, पुण्याच्या कंट्रोल रूममधून अर्पिता बोलतेय. अंबड ते कुंभार पिंपळगाव लाइन बंद. अकरा गावं ऑफ."

"परत?"

"दीड महिन्यातली चौथी वेळ. आणि चारही माझ्याच शिफ्टला. माझंच नशीब फुटकं!"

चहा तसाच टाकून शैला गाडीत बसली. तुटलेली फायबर केबल जोडणं हे तिचं काम. दिवसभर गाडीत ती आणि जोडणीचं मशीन, दोघंच. मशीन बोलत नाही, आणि जालन्याच्या भाड्याच्या खोलीवर बोलायला भिंती. सवय झाली, असं ती आईला सांगायची. कसली सवय अन् काय! रात्रीचा डबा ती अर्धाच खाऊन झाकण लावायची.

रस्ता रुंदीकरणाच्या कामावर, नव्या पुलाच्या अलीकडे रखमाजी तिची वाटच बघत उभा होता. या बारा किलोमीटर केबलवर रोज चालत नजर ठेवणारा माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले.

"या ताई. यंत्र लावायची बी गरज न्हाई. हितंच तुटलंय बगा," त्यानं जमिनीकडं बोट दाखवलं.

तरी शैलानं तूट किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र लावलं. अंतर बरोबर तिथलंच निघालं. हातभर माती उकरल्यावर सिमेंटचं झाकण लागलं. त्याखाली चेंबर, म्हणजे जादा केबलचं वेटोळं ठेवायची पेटी. केबल तिथंच, वेटोळ्याच्या अगदी मधोमध तुटली होती.

तिनं टोक बोटांत धरून पाहिलं. पहिल्या वेळी जेसीबीच्या दातात सापडून केबल ताणली गेली होती, तिचे धागे विस्कटले होते. ही मात्र सुरीनं भेंडी चिरावी तशी सरळ. मागच्या दोन वेळाही अशाच, पण शेजारच्या वेगवेगळ्या चेंबरांत.

"मामा, तुमच्या घरी कोण कोण असतं?" जोडणी करता करता तिनं सहज विचारलं.

"मी अन् म्हैस. बायको दिवाळीत गेली. लेक पुण्यात हापिसात असती."

"येते का?"

"तिला कामं असत्यात," रखमाजी म्हणाला आणि उगाच माती सारखी करू लागला.

साडेअकराला सुपरवायझर केदार बदनापूरच्या साइटवरून येऊन थडकला, तोच मुळी ओरडत. त्याचा राग जेसीबी चालवणाऱ्या सोमेश्वरवर होता. "यानंच केलं! पहिल्या वेळी मी शिव्या घातल्या, त्याचा डूख धरून बसलाय. हा बघा अर्ज, संध्याकाळी पोलिसांत देतो. गाडी जप्त, लायसन रद्द!"

सोमेश्वर परभणीकडचा. दोन महिन्यांपूर्वी इथं आलेला. ओरडा ऐकून तो पुलाकडून धावत आला.

"मॅडम, पहिली चूक माझी. मी तवाच कबूल केल्ती. बाकीच्या तीन माझ्या न्हाईत. पोरीच्या गळ्याची शपथ."

"आज दहाला कुठं होतास?"

"पुलाच्या पल्याड माती भरून राह्यलो व्हतो."

"कुणी पाहिलं?"

"कोण बघणार? मी अन् मशीन."

हे मात्र शैलाला चांगलंच कळलं. एकट्या माणसाची साक्ष द्यायला कोण येणार?

"केदारसाहेब, संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली.

तिनं कंट्रोल रूमला फोन लावला. लागेना. रेंजची एकही काडी नाही. "हितं खाली न्हाई मिळत," रखमाजी म्हणाला, "त्या टेकाडावर जावं लागतंय. समद्या रूटवर तेवढी एकच जागा हाये." शैला धापा टाकत टेकाडावर चढली.

"अर्पिता, चारही वेळा सांगा."

"पहिली दुपारी चारला. मग सकाळी दहा, मग दुपारी चार, आज दहा."

"तुमची शिफ्ट कशी असते?"

"एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार."

"लाइन गेली की पहिला फोन कुणाला करता?"

"रूटवरच्या माणसाला. तसा नियमच आहे. पहिल्या वेळी त्यांना पाऊण तास फोन लागत नव्हता. नंतर मात्र तिन्ही वेळा पहिल्याच रिंगला उचलला."

शैला थबकली. खाली चेंबरापाशी इस्त्रीचा शर्ट चमकत होता.

"तुमचं गाव कोणतं हो?"

"हिकडलंच की," अर्पिता म्हणाली. तिची पुणेरी बोली कुठल्या कुठं गळून पडली होती.

शैला खाली आली ती जड पायांनी. रखमाजीनं तिला कितीदा आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घातली होती! पण समोर सोमेश्वर डोक्याला हात लावून बसला होता.

"केदारसाहेब, हे चेंबर पुरल्यापासून आजवर कुणी उघडलेलं नव्हतं. वरचा खुणेचा दगड रस्त्याच्या कामात कधीच गेला. मग ही जागा कुणाला ठाऊक? पुरताना हजर होतो ते तिघं. मी, तुम्ही आणि रखमाजीमामा. सोमेश्वर तेव्हा या जिल्ह्यातही नव्हता."

"म्हणजे मी?" केदार उसळला.

"दहाला तुम्ही बदनापुरात होता. हजेरीचा फोटो ग्रुपवर आलाय, त्यात तुम्ही स्वतः उभे आहात. आणि कापणाऱ्यानं वेटोळ्याच्या मधोमध कापलंय. दोन्हीकडं भरपूर केबल शिल्लक, जोडणारीला त्रास नको म्हणून. एवढी काळजी माझी कोण करतं?"

ती रखमाजीकडं वळली.

"मामा, बारा किलोमीटरमध्ये एकाच टेकाडावर रेंज. तीन वेळा लाइन गेली आणि तिन्ही वेळा तुम्ही नेमके तिथंच, हातात फोन घेऊन. आठवड्याआड वेळ बदलत गेली, अर्पिताच्या शिफ्टसारखी. ती तुमची लेक ना?"

रखमाजीनं खिशातून छोटी सुरी काढून चेंबराच्या झाकणावर ठेवली.

"अकरा गावांची बँक, दवाखाना, रेशन ठप्प, मामा! या पोराची भाकर जात होती! कशापायी?" शैलाचा आवाज चिरकला. तिला राग आला होता आणि रडूही.

"तिची माय होती तवर रोज फोन यायचा," रखमाजी खाली बघून म्हणाला. "मी उचलायचो अन् म्हणायचो, थांब, मायला देतो. इतकी वर्षं तेवढंच बोललो. माय गेली. मंग फोन आला की ती बी गप, मी बी गप. बंदच झाला फोन. अन् त्या दिशी लाइन तुटली तवा तिचा फोन आल्ता. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार ड्युटी असती म्हनली. कुठं तुटलंय, किती खोल हाये, रस्त्यापासून किती फूट. समदं विचारलं तिनं. अन् ताई, मला समद्याची उत्तरं येत व्हती."

केदारनं अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला. "उद्यापासून रूटवर येऊ नका," तो म्हणाला. आवाज चढवायला त्याला जमलं नाही. सोमेश्वर उठला, रखमाजीपाशी क्षणभर थांबला आणि आपल्या मशीनकडं निघून गेला.

जोडणी झाली. लाइन चालू झाल्याचं कळवायचं, तर कारणही कळवावं लागतं. शैला रखमाजीला घेऊन टेकाडावर गेली, नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"लाइन चालू झाली, मॅडम. तुटायचं कारण सांगा," अर्पिता म्हणाली.

"लिहून घे बाई. जेसीबीवाल्याची चूक न्हाई. बापानं कापलं."

पलीकडची टाइप करण्याची टकटक थांबली.

"दादा, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे."

मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "जेवलात का?"

सवयीनं रखमाजीनं फोन कानापासून काढला आणि कुणाला तरी द्यावा तसा बाजूला धरला. बाजूला टेकाडाचं गवत होतं. त्यानं फोन परत कानाला लावला.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई जेवलो. तू?"