घुंगरमाळेच्या बैलाचा चित्रकार

नांदेडला वजिराबादेत, दुसऱ्या मजल्यावर लुंबिनी सोनकांबळेचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर श्रीमंतकाका तिथं रोज दहाला येत, जबाब लिहून घेत, आणि लुंबिनीला जे कळलं ते आपल्याला कधी कळणार, याची वाट बघत.

बुधवारी लातूरहून शिल्पा उटगे आली, ती घाम पुसतच.

"शुक्रवारी इथल्या टॉकीजला आमच्या नव्या सिनेमाचा पहिला खेळ आहे, ताई. दोन माणसं तो बंद पाडायला निघालीत."

"कशासाठी?"

"बैलासाठी."

शिल्पानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर काळ्या तोंडाचा, पांढऱ्या अंगाचा देवणी बैल आला. त्यानं हळूच मान वळवून प्रेक्षकांकडं बघितलं, मान हलवली, आणि घुंगरं वाजली. एक कान फाटका. कपाळाभोवती तारे लुकलुकत होते. खाली अक्षरं उमटली, 'घुंगरमाळ फिल्म्स, लातूर'.

काकांना राहवलं नाही. "अरे, हा तर आमच्या लहान्या नातवाला पाठ आहे! बैल आला की पोरं शिट्ट्या मारतात."

"माझ्या बाबांनी, संगमेश्वर उटग्यांनी, तो दोन हजार तीनच्या पहिल्या सिनेमाला कंपनीची खूण म्हणून लावला," शिल्पा म्हणाली. "संक्रांतीच्या सुमाराला त्या सिनेमाचं शूटिंग झालं. मी तेव्हा होस्टेलला होते. चित्र कोणी काढलं ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणायचे, नाव न सांगायचा शब्द दिलाय. मागच्या वर्षी ते गेले. यंदा पडद्यावर त्या चित्रकाराचं नाव द्यायचं म्हणून मी पेपरात जाहिरात दिली, तर दोघं उभे राहिले! माझंच नाव लावा, नाहीतर कोर्टात जातो, म्हणतात."

तिनं पहिल्या सिनेमातला बैलही दाखवला. तोच बैल, जरा ओबडधोबड. कपाळाभोवती मात्र नुसते पांढरे ठिपके.

"हे तारे कधी आले?" लुंबिनीनं विचारलं.

"चौदा साली. पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्यांना ठिपके घाण वाटले, त्यांनी तारे केले."

"मूळ कागद?"

"कपाटं पालथी घातली, एक चिटोरं नाही. हा फोटो तेवढा मिळाला."

फोटोत संगमेश्वर उटगे शिडीवर चढले होते, आणि कॅमेऱ्याचं तोंड सरळ जमिनीकडं होतं. काका खो खो हसले. "खाली पडलेली चिल्लर शोधून राहिले का काय!"

लुंबिनी हसली नाही. तिनं फोटो उलटला. मागं लिहिलं होतं: ग्यानोबा बिरादारांचं अंगण, देवणी.

गुरुवारी सकाळीच लुंबिनी आणि काका निघाले. लातूरला वीरण्णा भेटले, निवृत्त ड्रॉइंग मास्तर.

"माझा कागद पावसात भिजून गेला," ते म्हणाले. "पण आठवण पक्की आहे. शूटिंगवेळी बिरादारांच्या अंगणात बैल समोर बांधला आणि काढला. मान हलवून राहिला होता, चारदा खोडावं लागलं."

उदगीरला माणिकप्पा पेंटरनं तर कागदच पुढं ठेवला. पिवळा पडलेला. बैल, फाटका कान, कपाळाभोवती पाच-पाच टोकांचे तारे, आणि खाली सही, 'माणिकप्पा, २००३'.

"पुरावा हाय माझ्याकडं. मास्तर नुसतं बोलून राहिलाय."

गाडीत बसताना काकांचं मत पक्कं झालं. "ताई, पेंटरच खरा."

"देवणीला जाऊन तर येऊ," लुंबिनी म्हणाली.

बिरादारांच्या दारात काका घाईनं पुढं झाले, तशी लुंबिनीनं त्यांची बाही ओढली. "काका, पाय!" उंबऱ्यापुढं ताजी रांगोळी होती. ठिपक्यांतून काढलेला पोपट, आणि रेघेत न आलेले ठिपके भोवती तसेच राहिलेले. काकांनी लांब ढांग टाकली.

"हाव, बैल आमचाच," ग्यानोबा अभिमानानं म्हणाले. "नवाब. कुंपणाच्या तारंत कान फाटला त्याचा. पर शूटिंग मी बघितलंच न्हाई. दिवाळीपासून होळीपातूर मी न् नवाब किल्लारीला, कारखान्याचा ऊस वाहून राहिलो होतो. आलो तवर सिनेमावाले गेले बी."

त्यांची बायको केवळाबाई चहा घेऊन आली.

"मावशी, तेव्हा घरी कोण होतं?"

"मी न् सासूबाई."

"सासूबाई कडक होत्या?"

"लई!" केवळाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"उद्या दोघं नांदेडला या," लुंबिनी म्हणाली. "पडद्यावरच्या नवाबला बघायला."

शुक्रवारी अकराला टॉकीजमध्ये शिल्पानं सगळ्यांना बसवलं. माणिकप्पा नवा शर्ट घालून आले होते. लुंबिनी पडद्यापुढं उभी राहिली.

"वीरण्णासर, तुम्ही म्हणता बैल समोर बांधून काढला. पण संक्रांतीला नवाब किल्लारीत ऊस वाहत होता. अंगणात बैलच नव्हता."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि माणिकप्पा, तुमच्या २००३ च्या कागदावर तारे आहेत. तारे आले चौदा साली. त्याआधी ठिपके होते. हा कागद तुम्ही हल्ली पडद्यावरून उतरवला आणि जुना केला."

माणिकप्पांनी कान पकडले. "चहाच्या पाण्यात बुडवला, ताई. जलमभर दुसऱ्याची नावं रंगवली. एकदा आपलं दिसावं वाटलं."

"मग खरा कोण?" काकांचा धीर सुटला.

"आधी सांगा, कपाटात मूळ कागद का नाही? कारण कागद नव्हताच. कॅमेरा जमिनीकडं होता, कारण चित्र जमिनीवर होतं. कपाळाभोवती ठिपके होते, कारण ती ठिपक्यांची रांगोळी होती. मान वळताना दिसावी म्हणून पुसायची, पुन्हा काढायची, आणि दर वेळी शिडीवरून टिपायची. बैल गावाला गेलेला. फाटक्या कानासकट तो आठवणीतून काढणारं त्या घरात कोण होतं? सासूबाई की सून? दारात आजही कोण ठिपके मांडतं? आणि कडक सासूच्या धाकानं नाव सांगू नका असं कोण म्हणेल?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. केवळाबाई खुर्चीत आणखी आत सरकली.

"तू?" ग्यानोबा उठून उभे राहिले. "तेवीस वर्सं बोलली न्हाईस मला?"

"नवाबची सय येऊन राहिली होती, म्हणून अंगणात काढला," ती पुटपुटली. "उटगेदादांनी बघितला, म्हणाले, मान वळवून दाखवा. मंग वीस दिवस काढून राहिले. सासूबाईंना म्हणलं, सणाची रांगोळी हाय."

"पण जाहिरात दिली होती ना मी, मावशी!" शिल्पा म्हणाली.

"त्यात चित्रकार पायजे लिवलं होतं. मी कुठली चित्रकार?"

शिल्पानं केवळाबाईचे दोन्ही हात हातात घेतले. वीरण्णामास्तरांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. काकांनी डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

मग नव्या सिनेमातला बैल पडद्यावर आला. खाली लिहिलं होतं, 'मूळ चित्र', आणि पुढची जागा रिकामी. केवळाबाईनं डोळे बारीक केले.

"शिंग चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"नवाबची शिंगं भाईर जाऊन वर वळायची. हे म्हशीचं केलंय. माझं नाव घालायचं तर आधी शिंग नीट करा."

खेळाला सात तास उरले होते. शिल्पानं तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुरकुर ऐकू आली.

"नाही, आजच बदलायचं," शिल्पा ठासून म्हणाली. "चित्रकार माझ्याशेजारीच बसल्यात. थांबा, त्यांनाच देते फोन."