वाटेवरचं घर

पिशोरहून डोंगराकडे जाताना शेवटचं घर सरूबाईचं. त्या दिवशी उन्हं कलताना शमशाद तिथं मैद्याच्या चाळणीनं माती चाळत बसली होती. कन्नड गावातल्या कापडवाल्या मुख्तारभाईंची ही मुलगी डेहराडूनला वन्यजीवांचं शिक्षण घेऊन परतली होती. सरूबाईच्या घरामागून डोंगर फोडणाऱ्या खडीवाल्यांची भिंत जाणार होती. जनावरं इथून अजून ये-जा करतात हे सोमवारपर्यंत दाखवता आलं, तरच भिंत थांबणार होती.

घर एका खोलीचं. पुढचं आणि मागचं दार समोरासमोर. सरूबाईच्या सासऱ्यानं ते जनावरांच्या वाटेवरच बांधलं, पण वाट मोडली नाही. दिवेलागणीला दोन्ही दारं सताड उघडी आणि माणसं बाहेर ओट्यावर, हा घरचा रिवाज. डोंगर फोडायला लागल्यापासून बारा वर्षांत तिथं कुणाला जनावर दिसलं नव्हतं. दारं मात्र रोज उघडत होती.

"एवढं शिकून आलीस ती माती चाळायला व्हय गं?" सरूबाई म्हणाली.

"पसरून ठेवते, मावशी. कुणी गेलं तर पाऊल उमटेल."

"दिसायचं नाय तुला कुणी. पण जात्यात." तिनं हंडा काखेत घेतला. "पाणी घेऊन येते. दारं तेवढी उघडी ठेव."

माती पसरून झाली आणि खाणीकडून वारा सुटला. मागच्या दारातून शिरून माती उडवू लागला. शमशादनं ते दार लावून कडी घातली, मागं सरकत सरकत माती पुन्हा सारखी केली आणि ओट्यावर येऊन बसली.

अंधारून आलं. रातकिडे एकाएकी थांबले. आधी वास आला, ओल्या केसांचा, उग्र. मग तिच्या खांद्याला घासून काहीतरी गेलं… समोर कुणी नव्हतं, पण गालाला ऊन श्वास लागला. त्यामागं खुरांचा आवाज. काट्यांची सळसळ. सगळं एकामागून एक आत शिरत होतं.

आतून मागच्या दारावर धडक बसली. पुन्हा एक… पुन्हा… मग काहीच नाही.

सरूबाई आली, ओट्यावर तिचा चेहरा पाहून थबकली.

"मागचं दार?"

"लावलं… वाऱ्यामुळं."

सरूबाईनं हंडा हळूच खाली ठेवला. "उघड जा… पण आता जायचे नाय ते. येळ टळली की वाट गावत नाय त्यांना."

बॅटरीच्या उजेडात खोली रिकामी होती. मातीत बिबट्याचे पंजे, सांबराचे खूर, साळिंदराची पावलं. सगळी आत येणारी, बंद दारापाशी गोल गोल फिरलेली. बाहेर पडणारं एकही नाही.

सोमवारी पाहणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी उंबऱ्यातूनच पाहिलं. "मॅडम, वाट म्हणता, तर जनावर पलीकडं निघायला पाहिजे ना? हे तर खोलीतच संपतंय."

दुपारपर्यंत त्या रात्रीपासून उघड्याच ठेवलेल्या मागच्या दाराला लागून भिंतीचं काम सुरू झालं.

शमशाद तिथंच राहिली. दोघी आता ओट्यावर झोपतात. सकाळी ती उंबऱ्यातून माती पाहते. ठसे रोज ताजे असतात. आठव्या दिवसापासून सांबराचे खूर उमटेनासे झाले. पंधराव्यापासून साळिंदराची पावलं. उरले ते फक्त बिबट्याचे पंजे, खोलीच्या भिंतींच्या कडेकडेनं फेऱ्या मारणारे.

आज ते उंबऱ्यापर्यंत आले होते, ओट्याकडं तोंड करून थांबलेले. आणि त्यांच्या शेजारी, नुकतंच चालायला शिकल्यासारखे, रुपयाएवढे इवले पंजे होते.