भिकाजीचं सोंग

मी मालवणात लग्नांचे व्हिडिओ काढतो. लग्नसराई संपली की लोकांच्या जुन्या, बुरसटलेल्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. भुताखेतांशी माझा संबंध आला तो नवरीच्या मेकअपपुरताच. तेव्हा हे घाबरट माणसाचं बोलणं समजू नका.

देवबागचे हरिश्चंद्रमामा एक कॅसेट घेऊन दुकानात आले. मामा शिंपी. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या एका चाकरमान्याकडून कॅमेरा मिळवला आणि गावातली माणसं घेऊन 'खाडीचो राकस' नावाचा सिनेमा काढला. कर्लीच्या खाडीतून राक्षस येतो, माणसं गिळतो, एवढीच गोष्ट. राक्षसाचं कातडं काथ्याचं आणि फाटक्या जाळ्यांचं, मामांनीच शिवलेलं. त्यात घुसायचा भिकाजी.

भिकाजी दशावतारात राक्षसाची कामं करायचा आणि त्याचा स्वतःचा एक कडक नेम होता. सोंग अंगावर असताना त्याला कोणी नावाने हाक मारायची नाही. काम झालं की मामा म्हणायचे, "भिकाजी, ये रे भायर," मग तो मुंडकं काढून माणसांत यायचा.

शेवटच्या प्रसंगात राक्षस खाडीत परत जातो. भिकाजी पाण्यात शिरला, डोकं बुडालं आणि काठावर सगळे गप्प उभे राहिले. सोंग अजून अंगावर होतं, हाक कशी मारायची? मामांना वाटलं, गडी दम धरून गंमत करतोय. कळेपर्यंत ओहोटीने त्याला ओढून नेलं होतं. तो सापडलाच नाही. त्याच्या बायकोने, सत्यवतीकाकीने, ना दिवस घातले ना कुंकू पुसलं.

आता गावातल्या पोरांना तो सिनेमा जत्रेत दाखवायचा होता. मामांनी अट घातली, आधी काकी बघेल. ती नको म्हणाली तर कॅसेट जाळायची. इतकी वर्षं त्या बाईच्या दारात उभं राहायचं त्यांचं धाडस झालं नव्हतं.

मी सिनेमा साफ करायला घेतला. राक्षसाच्या पाठीवरची शिवण दिसत होती, मी पोटभर हसलो. शेवटी डोकं बुडालं, पाणी शांत झालं. मी यंत्र चालू ठेवलं होतं... आणि ते डोकं पुन्हा वर आलं. राक्षस छातीभर पाण्यात, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मामांना विचारलं, तर ते म्हणाले, कॅमेरा तेव्हा बंद होता, आम्ही सगळे पाण्यात धावलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाणी त्याच्या कमरेला होतं. बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, डोळे तपासून घ्या. म्हणून मी तोंड मिटून बसलो.

चहाच्या वेळेला मामा आणि मी काकीच्या घरी गेलो आणि पेनड्राइव्ह तिच्या टीव्हीला लावला. सिनेमाच्या शेवटी जोडायला तिचे दोन शब्दही टिपायचे होते. राक्षस आला तशी काकी पदर तोंडाला लावून हसली. चाल अगदी तेंचीच, म्हणाली. मला बरं वाटलं.

मग शेवट आला. आता तो घोटाभर पाण्यात उभा होता. जाळ्यातून पाणी ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. खोलीत खाडीच्या चिखलाचा आणि ओल्या काथ्याचा वास दाटला. मामा उठले.

"भिकाजी... ये रे भायर."

तो हलला नाही.

"चुकला रे माझा... ये."

ते मुंडकं हळूहळू वळलं. मामांकडे नाही, काकीकडे.

"मी तेंचा नाव कधी घेवक नाय," काकी पुटपुटली. "लग्नात घेतलेलंय, तितक्याच."

खरं सांगतो, मी भयंकर घाबरलो होतो. टीव्हीची वायर उपटावीशी वाटत होती. काकीने डोक्यावरून पदर घेतला, पुढे झाली आणि काचेवर हात ठेवला.

"भिकाजी..." नव्या नवरीसारखी ती लाजली. "चला आता. घराक चला."

राक्षसाने दोन्ही हात मुंडक्याला लावले. आणि पडदा निळा झाला. मामा लहान मुलासारखे रडले. काकीचे दोन शब्द टिपायचे राहूनच गेले.

सकाळी दुकानात सिनेमा लावला. माणसं किंचाळत पळतायत, पडतायत, पण त्यांच्या मागे कोणीच नाही. पेनड्राइव्हवर नाही, जुन्या कॅसेटमध्येही नाही. नुसती वाळूत पावलं उमटत येतात.

हे काकीला सांगायला मी देवबागला गेलो. अंगणातल्या दोरीवर काथ्याचं आणि जाळ्यांचं एक कातडं वाळत घातलं होतं. पाठीवर मामांची शिवण होती. खालची वाळू भिजली होती.

काकी चहा घेऊन आली. ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीचा वळेसर. काल हसली तेव्हाही ती इतकी आनंदात दिसली नव्हती. एक कप तिने मला दिला. दुसरा माजघराच्या उंबऱ्याआड ठेवला आणि आत बघून हलकेच म्हणाली,

"गरम आसा... सावकाश घेवा."

मी माझा कप तसाच खाली ठेवला. आतल्या काळोखात कोणीतरी चहा बशीत ओतत होतं.