सव्वीस तास

पिरेअसच्या बंदरामागच्या गल्लीत राहणाऱ्या फोतिनीला एक हिशेब तोंडपाठ होता. अथेन्स ते मेलबर्न पंधरा हजार किलोमीटर, विमानानं मधले थांबे धरून सव्वीस तास. धाकट्या भावानं, लेफ्टेरिसनं, चौदा वर्षांपूर्वी पत्रात लिहिलेला तो आकडा त्यांच्या आईनं उठता-बसता घोकला होता. पोरगा काही आला नाही. बापाच्या मातीलासुद्धा नाही. दर ईस्टरला तेवढं पत्र यायचं, पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणून.

त्या गुरुवारी सकाळी आठला अंथरुणाला खिळलेल्या आईनं विचारलं, "त्याला फोन केलास?"

"केला. विमानात बसलासुद्धा."

धादांत खोटं. फोतिनीनं फोनला हातही लावला नव्हता. आईचं हगणं-मुतणं मी काढायचं आणि साहेबांनी शेवटच्या घटकेला येऊन लाडका लेक व्हायचं? येऊ दे उशिरा, कळू दे त्यालाही. माणूस दमला की असा वाकड्यात शिरतो.

आई घड्याळाकडे तोंड करून पडून राहिली. शुक्रवारी दहाला म्हणाली, "सव्वीस झाले गं."

"विमानाला उशीर झालाय, आई."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "असू दे. मग मीच जाते," म्हणाली आणि डोळे मिटले, ते कायमचे.

शनिवारी शवपेटी बाहेरच्या खोलीत ठेवली होती, तीनला चर्चमध्ये न्यायची होती. आईचा डावा पाय सुजलेला. बूट काही केल्या चढेना, म्हणून फोतिनीनं तो पाय अनवाणीच फुलांखाली झाकला होता. हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मेलबर्नला तिनं अजूनही कळवलं नव्हतं. कुठल्या तोंडानं कळवणार? दोन मिनिटांचा एक फोन, तेवढाही आपल्याच्यानं झाला नाही, हे तिला रात्रभर खात होतं. शेजारणी स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या. भर दुपार. घड्याळात बारा वाजले आणि फोन खणखणला.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" लेफ्टेरिस हसत होता की रडत होता, कळेना. "आईला एकटीला पाठवलंस? एवढ्या लांब? एका पायात बूट नाही, पाय हा एवढा सुजलेला..."

फोतिनीची नजर पेटीतल्या फुलांकडे गेली.

"आत्ताच मिठाच्या कोमट पाण्यात ठेवलाय मी. आणि हे बघ, तिनं सगळं सांगितलं मला. म्हणते, ताईवर चिडू नकोस, ती फार दमली होती..."

"मी तुला फोन करायला हवा होता रे..." ती कशीबशी पुटपुटली. "चुकलं माझं..."

"तिलाच सांग की. थांब, पाण्यातून पाय काढू दे तिला..."

पलीकडे पाणी हलल्याचा आवाज आला. रिसीव्हर तसाच लोंबकळत टाकून फोतिनी पेटीपाशी गेली. तिनं फुलं बाजूला केली. आईचा डावा पाय घोट्यापर्यंत ओला होता. हात लावून बघितला, तर कोमट.